खानापूर भागात गवळीवाड्यावरच्या पोरांसाठी नाचाचा क्लास सुरू करायचाय, सुरुवात कुठनं करू?

जांबोटी_रोड:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

मी बेळगावात भरतनाट्यम शिकले, सरकारी परीक्षेतली ज्युनिअर, सीनिअर झाली, विद्वतचा अभ्यास चालू असतानाच नोकरी लागली. दोन वर्षं झाली, जांबोटीच्या पुढं जंगलाच्या कडेला एका सरकारी मराठी शाळेत अतिथी शिक्षिका आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पोरांचा विषय आहे. पट ४१ चा, त्यातली ९ पोरं गवळीवाड्यावरनं चालत येतात, पावसात ओढा भरला की चार चार दिवस त्यांचा पत्ता नसतो.

गेल्या वर्षी प्रतिभा कारंजीला, म्हणजे शाळांच्या सरकारी कलास्पर्धेला, आठ पोरींचं लोकनृत्य बसवलं. ड्रेस बेळगावहून भाड्यानं आणायचं ठरलं, माणशी दीडशे रुपये. दुसऱ्या दिवशी सरावाला सहाच आल्या. दोघी म्हणाल्या बाई पाय दुखतोय. पैसे नाहीत असं कुणी म्हणालं नाही, आणि मला ते कळायला आठवडा गेला.

दुसरी गोष्ट सांगायला जड जातंय. दुसरीत एक मुलगी आहे, तिला ऐकू येत नाही. सराव चालू असला की ती दाराला टेकून बघत बसायची. माझ्याकडं तट्टुकळी आहे, लाकडी ठोकळ्यावर काठीनं ताल धरतात ते, तो ठोकळा बाकावर ठेवून मी ठोकत होते, तै या तै, तै या तै. ती उठून आली, बाकाच्या दुसऱ्या टोकाला दोन्ही तळवे सपाट टेकले, मग गाल टेकला आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली. चार-पाच आवर्तनं झाली असतील, तिची उजवी टाच हलायला लागली, बरोबर ठोक्यावर, एकदाही चुकली नाही. आणि एवढं डोळ्यानं बघूनही मी तिला गटात घेतलं नाही. गाणं ऐकू येत नाही, मधेच थांबली तर काय, नंबर जाईल, असा विचार केला. नंबर तसाही आला नाही. तो विचार अजून मनातनं जात नाही म्हणून हे लिहायला बसले.

आता शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा दुपारी क्लास घ्यायचा म्हणतेय, कुणाकडनं एक रुपया न घेता. पण अडचणी अशा की शाळेत फरशी सिमेंटची, बाहेर मैदानात खडे. आयाबापड्या म्हणतात नाचून काय पोट भरतंय, आणि एक म्हातारी तर तोंडावर म्हणाली, आमच्या नातीला नाचणारीण करणार काय बाई. मला उत्तरच सुचलं नाही. गाणी सगळी तमिळ-तेलुगू, मलाच अर्थ पाठ करून सांगावा लागतो, पोरांना काय कळणार. रविवारी बेळगावला माझ्या गुरूंकडं घेऊन जाऊ म्हटलं तर कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं जून २०२३ पासून मुलींना लाल गाडी फुकट आहे, तेवढा भार नाही, पण मुलग्यांना तिकीट पडतंच आणि परतीची गाडी चुकली तर पोरींना घेऊन रात्री कुठं राहू. महिन्याला पगारातनं हजार-दीड हजार मी बाजूला काढू शकते, त्याच्या वर नाही.

ज्यांनी असं काही केलंय किंवा जे स्वतः अशा वाड्यावस्तीवरनं शिकून आलेत त्यांनी सांगा. आणि त्या मुलीला कसं शिकवायचं तेही सांगा.


वडगाव_अक्का:

बाळ, फुकट म्हणून पाटी लावू नको, आधी हेच सांगतो.

मी वडगावात पंचवीस वर्षं क्लास घेतो, आमच्याकडं सगळी विणकरांची घरं, मागावर बसणाऱ्यांच्या पोरी. पहिल्यांदा मीपण तुझ्यासारखंच फी माफ करून टाकलो. दोन महिन्यांत निम्म्या पोरी बंद झाल्या. मला वाटलं फुकटचं आहे म्हणून किंमत नाही, रागपण आला. मग एकीच्या घरी गेलो तर तिची आई म्हणाली अक्का फी नाही घेत तुम्ही, पण घुंगरू सांगितलासा, सरावाची साडी सांगितलासा, गुरुपौर्णिमेला नारळ-वस्त्र, गॅदरिंगला ड्रेस आन् दागिने, फोटोचे पैसे, दर महिन्याला कायतरी निघतंयच की ओ. त्या दिवशी घरी येऊन वही काढून हिशेब मांडलो. फीपेक्षा वरचा खर्च जास्त होता!

तेव्हापासून घुंगरू क्लासच्या पेटीत राहतात, पोरींनी आणायचे नाहीत, न्यायचे नाहीत. आणि पहिलं वर्षभर तर घुंगरू बांधायचेच नाहीत, पाय पक्का झाल्याशिवाय बांधून आवाजच होतो नुसता. सराव शाळेच्या पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला आवळून. गॅदरिंगला भाड्याचं काही आणत नाही, सगळ्यांनी घरातली सुती साडी, एकाच पद्धतीनं नेसायची, गजरा बागेतला. आणि दाराशी एक डबा ठेवला आहे. ज्याला जे जमेल ते घालायचं, झाकण बंद, नाव लिहीत नाही. कुणी दहा घालतंय, कुणी शंभर, कुणी कायच नाही. पण आई ताठ मानेनं दारात येते, ते महत्त्वाचं.

वेळ तू ठरवू नको, गावाला विचार. रोप लावणीच्या दिवसांत एकही पोर येणार नाही, सुगीत नाही, तुमच्या भागात काजूचा हंगाम असला तर तेव्हाही नाही. त्याला गैरहजर लावू नको. तेवढे महिने सोडून वर्ष मांड.

बेळगावला घेऊन जायचं तर बिलकूल मनातनं काढ. आठ पोरी आणण्यापेक्षा तू एकटी तिथं आहेसच की. तुझ्या गुरूंनाच वर्षातनं दोनदा गाडीत बसवून तिकडं ने.

फरशीचं ऐक. सिमेंटवर तट्टडवू, म्हणजे पाय आपटायचा पहिला धडा, मारून मारून माझ्या नडग्या वयाच्या तिशीत गेल्या. त्यापेक्षा शेणानं सारवलेलं अंगण शंभर पट चांगलं, खडे वेचून घे एकदा पोरांकडनंच. नाहीतर जाड प्लायवूडच्या फळ्या आणि खाली जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे, पाय टाकला की जरा दबायला पाहिजे.


निपाणीची_लेक:

ताई, त्या म्हातारीबद्दल लिहितेय. तिच्याशी वाद घालू नका, ती अडाणीपणानं बोललेली नाही.

माझ्या आजीला लहानपणी यल्लम्माला सोडलेलं. ज्यांना हे फक्त पुस्तकात माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते, आपल्या जिल्ह्यात हे घराघरात माहीत असलेलं दुःख आहे, सौंदत्तीचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात. कर्नाटकात देवदासी सोडण्यावर बंदीचा कायदा १९८२ ला झाला, त्याच्या आधीच माझी आई जन्मलेली. आजीला चौंडकं छान वाजवता यायचं, पाय असा पडायचा की अंगणातली माणसं गप्प व्हायची. पण आईनं मला लहानपणी घरात गाणं लागलं तरी कंबर हलवू दिली नाही. नाचणारीण हा शब्द आमच्या घरात शिवी होता, कारण तो आजीला शिवी म्हणूनच ऐकवला गेला.

मी नाच शिकायला लागले ती कॉलेजात, एकवीस वर्षांची असताना, लपून. आणि तिथं गेल्यावर मला कळलं की ज्याला आपण भरतनाट्यम म्हणतो ते मूळचं तमिळ मुलखातल्या देवदासी घराण्यांचंच. तिकडं कायद्यानं ती प्रथा १९४७ ला बंद झाली, त्याच्या आधीपासूनच त्या बायकांना देवळातनं आणि समारंभातनं हटवणं चालू होतं, आणि त्याच काळात, १९३६ ला मद्रासमध्ये रुक्मिणीदेवींनी कलाक्षेत्र काढलं आणि चांगल्या घरच्या मुली तोच नाच शिकायला लागल्या. म्हणजे नाच राहिला, इज्जत पण आली, फक्त जिच्या घरचा होता ती बाहेर. बालासरस्वतींसारखी एखादी त्या घराण्यातली शेवटपर्यंत नाचली, १९७७ ला पद्मविभूषण मिळालं त्यांना, पण अशा किती. मी हे वाचलं त्या रात्री आजीचा फोटो काढून बसले होते.

म्हणून मला ते गरिबांपर्यंत कला पोचवणे वगैरे बोलणं टोचतं. तुम्ही तसं बोलला नाहीत हे दिसतंय, पण तुमच्यानंतर देणगीदार येतील ते बोलतील.

आता कामाचं सांगते. पहिला क्लास पोरांचा घेऊ नका, आयांचा आणि आज्यांचा घ्या. त्यांना ओट्यावर बसवा, तुम्ही स्वतः नाचून दाखवा, साध्या साडीत, आणि विचारा की तुम्ही लहानपणी काय नाचत होता. झिम्मा, फुगडी, गौरीची गाणी, काहीतरी निघेलच. दुसरं, पोरींचे व्हिडिओ काढू देऊ नका. कुणी पाहुणा येतो, मोबाईल धरतो, स्टेटसला लावतो, आणि चार वर्षांनी सोयरीक बघताना तो व्हिडिओ पुढं येतो, ही पोरगी नाचते म्हणून. ज्यांना त्रास व्हायचा त्यांना झालाय. आईला विचारल्याशिवाय एक फोटोही नको. तिसरं, परीक्षेचे फॉर्म चारचौघांत मोठ्यानं वाचून भरू नका. माझ्या वेळी एका परीक्षा केंद्रावर बापाचं नाव का नाही म्हणून मला सगळ्यांसमोर तीनदा विचारलं होतं, मी पेपर न देता परत आले. पुढच्या वर्षी दिला आणि पास झाले, पण एक वर्ष गेलं ते गेलंच.

आणि म्हातारीला सांगा मंजम्मा जोगतींना २०२१ ची पद्मश्री मिळाली, जोगती नृत्यासाठी, म्हणजे यल्लम्माला सोडलेल्यांच्याच नाचासाठी. आमच्या आईनं ती बातमी टीव्हीवर बघितली, काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी आजीचं चौंडकं माळ्यावरनं खाली काढून पुसून ठेवलं.


जांबोटी_रोड:

निपाणीची ताई, तुमचं लिहिलेलं तीनदा वाचलं. म्हातारीकडं उद्याच जाते, काही पटवायला नाही, बसायला. अक्का, डब्याची कल्पना मला सुचलीच नसती, आणि हो, वरच्या खर्चाचा हिशेब मीपण मांडला, माझ्याकडनंही तीच चूक होणार होती. गाण्यांचं कुणी सांगता का?


हल्याळकर:

मॅडम मी हल्याळचा, आमच्याकडं गवळी पण आहेत आणि सिद्दी पण, म्हणजे ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतनं आले ते लोक. स्पष्ट लिहितो राग मानू नका. भरतनाट्यम कशाला न्यायचं तिथं? त्या लोकांकडं स्वतःचा नाच नाही काय? गवळी दसऱ्याला गजा नाचतात तो बघितलाय काय तुम्ही, पांढरे कपडे, हातात रुमाल, ढोल सुरू झाला की म्हातारा माणूसपण वीस वर्षांचा होतो. सिद्दींचा दमामी बघा, तो दमाम वाजायला लागला की अंगावर काटा येतो. ज्यांना आपण शिकवायला जातो त्यांच्याकडनं आपणच शिकायला पाहिजे.

आमच्याकडं काय होतंय ते सांगतो. दांडेलीकडं पर्यटक येतात, रात्री शेकोटीभोवती सिद्दींना नाचायला बोलावतात. पोरं दोन दोन तास नाचतात, बघणारे चिकन खात बसलेले. मग एक पाकीट देतात आणि ते दहाजणांत वाटायचं. मी एकदा एका जाग्यावर पाकीट उघडून बघितलं, माणशी शंभर पण पडत नव्हते. उत्तर कन्नडच्या सिद्दींना २००३ ला अनुसूचित जमातीत घेतलं, तुमच्या बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना तर २०२० ला घेतलं, म्हणजे सतरा वर्षं उशीर. कागदावर नाव आलं पण नाचाला दाम कुठं आला.

म्हणून माझं म्हणणं, तुमचे ते हजार-दीड हजार रुपये वाड्यावरच्या एखाद्या जाणत्या गजा नाचणाऱ्याला गुरुदक्षिणा म्हणून द्या आणि त्याला शाळेत बोलवा. पोरं आपल्याच आजोबाला शाळेत गुरुजी म्हणून उभा राहिलेला बघतील, त्याच्यासारखं दुसरं शिक्षण नाही.


कथक_पोरगा:

हल्याळकर दादा, तुमचं निम्मं शंभर टक्के पटलं, निम्मं अजिबात नाही. आणि निम्मं का नाही ते मलाच सांगितलं पाहिजे कारण मी त्या पोरांतला आहे.

माझे आईवडील वीटभट्टीवर. दिवाळी झाली की भट्टी, पावसाळ्याला गाव, त्यामुळं माझ्या चार शाळा झाल्या. प्रत्येक शाळेत मला लेझीम दिली. मला लेझीम आवडते, आजही हातात आली की पाय थांबत नाहीत. पण सहावीत असताना गणपतीत एका मंडळाच्या स्टेजवर एका मुलाला कथक करताना बघितलं, तो गोल गोल फिरला आणि बरोबर समेवर असा थांबला की मी श्वास घ्यायचा विसरलो. दुसऱ्या दिवशी बाईंना म्हटलं मला ते शिकायचंय. बाई चांगल्या होत्या, मनापासून बोलल्या, अरे तुझी लेझीमच किती छान आहे, ती आपली कला आहे. माझ्या मनात आलं, आणि ती त्या मुलाची कला आहे ती माझी का नाही?

आपलं ते आपलं, पण आमच्या वाट्याला फक्त आमचंच का? शहरातल्या मुलीला कोणी म्हणतं काय की तू फक्त आजीचं भोंडल्याचं गाणं शिक. तिला सगळं शिकायला मिळतं, मग तिनं निवडायचं. गवळीवाड्यावरच्या पोरानं पण निवडू दे की. गजापण शिकवा आणि भरतनाट्यमपण शिकवा, परीक्षेसकट, एक पायरी न गाळता. गरिबाच्या पोराला सोपं करून अर्धं शिकवू नका ताई, आम्हाला कळतं ते.

मी पुढं मिरजेला हॉटेलात कामाला लागलो आणि तिथं एका गुरूंच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी दोन वर्षं फी घेतली नाही, आणि अक्का म्हणाल्या तसं वरचा खर्चही पडू दिला नाही, अंगात त्यांच्या मुलाचा जुना कुर्ता. गांधर्व मंडळाची मध्यमा झाली, आता विशारदची तयारी. वय २६, उशीर झालाय, पण चालू आहे.

एक गोष्ट मला वेळेत कुणी सांगितली नाही ती तुम्हाला सांगतो. दिल्लीचं सीसीआरटी म्हणून सरकारी केंद्र आहे, त्यांची लहान कलाकारांसाठी शिष्यवृत्ती असते, १० ते १४ वयाच्या पोरांना. वर्षाला ३६०० रुपये आणि शिकवणीची फी वेगळी, आणि एकदा मिळाली की पुढं शिकत राहिलं तर विसाव्या वर्षापर्यंत चालू राहते. आदिवासी पोरं, दिव्यांग पोरं आणि परंपरेनं कला करणाऱ्या घरातली पोरं यांचा वेगळा विचार असतो त्यात. मला हे कळलं तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. तुमच्या शाळेत आज दहा वर्षांचं जे पोर आहे त्याचा जातीचा दाखला, जन्मदाखला आत्ताच काढून ठेवा, कारण जाहिरात आली की दिवस थोडे असतात आणि तहसीलचे हेलपाटे तुम्हाला माहीतच आहेत.

आणि मुलग्यांना विसरू नका. तुम्ही आठ पोरी निवडल्या म्हणालात. दाराला टेकून बघणारा एखादा मुलगापण असेल.


शहापूरचे_नाना:

गाण्यांच्या भाषेबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. मुली, तुझ्या नाचाला मराठी साहित्य नाही असं कोण म्हणालं? तंजावरला आपल्या मराठ्यांचं राज्य होतं. तिथले दुसरे सरफोजीराजे, १७९८ ते १८३२ गादीवर होते, त्यांच्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ होते ज्यांनी आज तू नाचतेस तो कार्यक्रमाचा, पहिल्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लान्यापर्यंतचा क्रम बसवला. आणि त्याच सरफोजींच्या नावावर नाचासाठी लिहिलेली मराठी निरूपणं आहेत, एकेका कथेवर पहिल्या रचनेपासून शेवटच्या रचनेपर्यंत सगळं मराठीत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयानं त्यातलं छापलेलंही आहे.

आचार्य पार्वतीकुमारांनी मुंबईत त्यावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि त्यांच्या शिष्या पुण्याच्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या मराठी रचना रंगमंचावर नाचून दाखवल्या, पुढं हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यम बसवून त्याला नृत्यगंगा नाव दिलं. तेव्हा तू अभंगावर, गवळणीवर अभिनय बसवलास तर परंपरा मोडली असं कुणी म्हणालं तर त्याला तंजावर दाखव. गवळण तर वाड्यावरच्या पोरांच्या घरातलीच. दूध घेऊन बाजारला निघालेली गवळण कशी चालते, डोक्यावर घागर असली की मान कशी राहते, हे त्या पोरींनी रोज बघितलंय, त्यांना शिकवायला नको, उलट त्यांचं बघून तू तुझा अभिनय दुरुस्त कर.


हातवारे_सर:

मी ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत १८ वर्षं शिकवतोय, चिकोडी भागात. त्या मुलीबद्दल.

तिनं बाकावर गाल टेकला म्हणजे उत्तर तिनं स्वतःच दिलंय. ऐकू न येणाऱ्या मुलांना ताल अंगातनं कळतो, हाडातनं, तळव्यातनं. सिमेंटवर तो पोचत नाही, लाकडावर पोचतो. तेव्हा अक्कांनी सांगितलेल्या फळ्या दुप्पट कामाच्या, पायही वाचतात आणि तिला तालही मिळतो. ठोकळा त्याच फळीवर ठेवून ठोका ज्यावर ती अनवाणी उभी आहे. स्पीकर असेल तर तोंड खाली करून फळीवर ठेवा. गाणं बारीक आवाजाचं असेल तर तिला काही मिळणार नाही, ढोल, मृदंग, पखवाज यांचा खर्ज लागतो. हल्याळकरांच्या ढोलवाल्या आजोबांना म्हणूनही बोलवा.

उभं कुठं करायचं तेही सांगतो, कारण सगळे चुकतात. सुरक्षित म्हणून मागं उभी करतात. पहिल्या रांगेत, जरा कडेला, जिथनं तिला तुम्हीपण दिसाल आणि बाजूची एक मुलगीपण तिरकी दिसेल. तिचं बघून हिनं करायचं असं नाही, दोघींनी एकमेकींचं बघायचं. मोजणी बोटांनी दाखवा, सुरुवातीची खूण ठरवून घ्या, हात वर, मुठ, सोडली की सुरू. बोलताना तोंड तिच्याकडं, पाठमोरं होऊन फळ्याकडं बघत बोलू नका, आणि ओरडू तर नकाच, ओरडल्यानं ओठ वेडेवाकडे होतात, तिला उलट कमी कळतं. खुणा सगळ्या पोरांना शिकवा. आठवड्यात शिकतात, मोठ्यांना महिना लागतो.

आणि ताई, भरतनाट्यम तुमचं, तुम्हाला मी काय सांगणार, पण हस्तमुद्रांनी बोलायचा नाच आहे तो. पताका, मयूर, हे ती पोर बाकीच्यांच्या आधी पाठ करेल, बघा. तिच्या घरी दिवसभर ती हातानंच बोलत असणार.

कायद्यानंही ही मेहेरबानी नाही. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्यात कलम २९ संस्कृती आणि करमणुकीबद्दलच आहे. उद्या एखाद्या स्पर्धेत ही मुलगी नको म्हणाले तर शांतपणे तो कागद पुढं करा. तिची कानाची तपासणी झालीय काय, मशीन आहे काय, दिव्यांग कार्ड काढलंय काय, तेही विचारून घ्या, नसेल तर मला मेसेज करा, आमच्या शाळेतर्फे तपासणीची सोय बघतो.


हल्याळकर:

कथकवाला भाऊ, तुझं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. मी फक्त आमच्या लोकांचा नाच मरू नये एवढंच बघत होतो, एखाद्या पोराला दुसरं काही पाहिजे असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दोन्ही शिकवा मॅडम. पण आजोबांना पाकीट बंद देऊ नका, सगळ्यांसमोर हातात द्या आणि रक्कम आधी ठरवून द्या.


जांबोटी_रोड:

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितेय, मधे पाऊस आणि रोप लावणी, अक्कांनी सांगितल्यासारखं तोवर क्लास ठेवलाच नाही.

म्हातारीकडं गेले होते. ती काजू फोडत बसलेली, मीपण बसले, अडकित्ता धरता येत नव्हता तो तिनं शिकवला. तासाभरानं ती आपणहून बोलली, तिच्या मामाच्या गावची कुणी होती म्हणून, फार काही नाही, दोन-तीन वाक्यं. मी मधे बोलले नाही. निघताना म्हणाली, मी बसणार तिथं, शेवटपर्यंत. म्हटलं बसा की आजी, तुमच्यासाठीच ओटा झाडून ठेवते.

परवाच्या शनिवारी पहिला क्लास झाला. अंगण आदल्या दिवशी पोरांनीच सारवलं. खानापुरातनं जुन्या दुकानाच्या दोन फळ्या मिळाल्या, खाली ट्यूबचे तुकडे घातले. पोरं १७ आली, त्यात पाच मुलगे. कथकवाले दादा, दाराला टेकणारा होता, खरंच होता, चौथीतला, गुरं राखतो. वाड्यावरनं ढोल घेऊन एक आजोबा आले, पाचशे रुपये आधी ठरवलेले, सगळ्यांसमोर दिले. त्यांनी आधी टोपी काढली मग घेतले, आणि त्यांचा नातू इतका ताठ बसला होता की काय सांगू. अर्धा तास गजा, मीपण शिकले, रुमालाचा हात मला अजून जमत नाही. मग अर्धा तास तट्टडवू, पहिला प्रकार, नुसता पाय.

तिला पहिल्या रांगेत कडेला उभी केली, फळीवर. मुठीची खूण सगळ्या पोरांना पहिल्या दहा मिनिटांत आली. तै या तै सुरू केलं, ती बरोबर. लय दुप्पट केली, बाकीची पोरं गडबडली, तिचा पाय पडतोय तिथंच पडतोय. मी थांबले तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं, पुढं आली, माझ्या हातातली काठी घेतली आणि फळीवर मांडी घालून बसली. मूठ वर केली. सगळी पोरं गप्प, तिच्या मुठीकडं बघत. सोडली आणि ठोकायला लागली, सतरातली सोळा पोरं तिच्या ठोक्यावर नाचली, आणि ओट्यावरनं आजी गुडघ्यावर हातानं ताल धरून होती.

काठी तिनं परत दिली नाही. मीपण मागितली नाही, माझी दुसरी करून घेते सुताराकडनं.

सर, तिच्या कानाच्या तपासणीबद्दल तुम्हाला मेसेज केलाय, तिची आई गाडीनं यायला तयार आहे. दाखल्यांसाठी तिघांचे कागद गोळा केलेत, सोमवारी तहसीलला जाते. फळ्या दोनच आहेत आणि पोरं सतरा, पाळीपाळीनं उभी राहतात. कुणाकडं जुनं जाड प्लायवूड पडून असेल तर सांगा, जांबोटीच्या गाडीत टाकून दिलं तरी चालेल, कंडक्टरांना मी सांगून ठेवते, फाट्यावर मुलगे येऊन उतरवून घेतील.